काळमेघ मॅडमचं गाठोडं

काळमेघ मॅडमनी मला त्यांच्या क्वार्टरची जादा किल्ली दिली तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी बाहेर आलो, त्यांनी दाराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "उघड."

मी किल्ली घातली. अर्धी फिरली आणि अडकली. दार ओढून धरून पाहिलं, किल्ली जरा बाहेर घेऊन पाहिली. कुलूप काही उघडेना.

"दोन वर्षं ही किल्ली शेजारच्या मिश्राजींकडे होती," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी निर्धास्त होते. चल आता."

तशाच आम्ही पायी सोनागिरीच्या चावीवाल्याकडे गेलो. त्याने नवी किल्ली घासून दिली, परत येऊन मी तीन वेळा कुलूप उघडून दाखवलं, आणि मग मला चहा मिळाला. भोपाळला बदलून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मी मनात म्हटलं, बाई विक्षिप्त दिसते.

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या हॉस्पिटलात मी औषधांच्या खिडकीवर होते. काळमेघ मॅडम कॉम्प्युटर रूमच्या प्रमुख होत्या. प्रमुख म्हणजे त्या स्वतः आणि एक शिपाई, एवढाच तो विभाग. वसुधा काळमेघ, मूळच्या अमरावतीच्या. हॉस्पिटलभर त्या 'मॅडम' होत्या. मराठी म्हणून मी एकटीच त्यांना वसुधाताई म्हणत असे. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. आणि अंगात कायम मरून रंगाचा स्वेटर. मशीनसाठी त्यांच्या खोलीत एसी इतका जोरात चाले की बाई मे महिन्यातही स्वेटर घालून बसत, आणि जेवणाच्या सुट्टीत तो काढायचा विसरून तशाच भर उन्हात कँटीनकडे चालू लागत. नवीन आलेले पेशंट वळून वळून बघायचे. जुने सांगायचे, "कंप्यूटर वाली मैडम हैं, इनको ठंड लगती है."

बोलणं अगदी कमी. चार मराठी शब्दांत दोन हिंदी, रागावल्या की मात्र अमरावती बाहेर यायची. "काहून केलं असं?" हे ऐकलं की समोरच्याने समजावं, प्रकरण गंभीर आहे.

त्यांचा राग एकाच शब्दावर होता: 'ठेवलंय'. कुणी म्हणालं, "मॅडम, ठेवलंय ना जपून," की त्या विचारायच्या, "परत काढून पाहिलं का?" एकदा व्हरांड्यातल्या आगीच्या लाल बादल्यांसमोर त्या थांबल्या. वर्षानुवर्षं त्या तिथे टांगलेल्या. बाईंनी एक उतरवली आणि सरळ फरशीवर उलटी केली. वाळू पडलीच नाही. पाणी मुरून, पानाच्या पिचकाऱ्या झेलून तिचा दगड झाला होता. सफाईवाला ओरडत आला, तर त्याला म्हणाल्या, "भैया, आग लगेगी तो क्या ये पत्थर फेंक के मारोगे?" आठवड्याभरात आठही बादल्यांत नवी वाळू आली.

त्यांचं खरं काम मात्र कुणाला दिसत नव्हतं. हॉस्पिटलचा सगळा कारभार एका सर्व्हरवर चालत असे. लिनक्स या प्रणालीवर चालणारं ते एक करड्या रंगाचं, कपाटाएवढं नाही पण टेबलाखाली मावणार नाही असं मशीन. नोकरीतले आणि निवृत्त झालेले कामगार, त्यांच्या बायका, मुलं, आईवडील, सगळ्यांचे आजार, सगळ्यांची औषधं त्यात. नोंदी दहा-बारा वर्षांच्या; तीन वर्षांपूर्वी तर कागदी पुस्तिकाही बंद झाल्या होत्या. दर रविवारी दुपारी मॅडम येत आणि त्या आख्ख्या मशीनची प्रत करत. नुसत्या पेशंटच्या नोंदी नव्हेत. मशीन चालवणारी प्रणाली, तिच्या सगळ्या फायली, कोणती फाइल कुणी उघडायची याच्या परवानग्या, सगळं एकाच प्रचंड फायलीत बांधून बाहेरच्या डिस्कवर. याला त्या 'गाठोडं' म्हणत. "गाठोडं बांधून आले," असं सोमवारी सांगत.

आणि दर जानेवारीत ते गाठोडं सोडत. भंगारात काढलेलं एक जुनं मशीन त्यांनी भांडून ठेवून घेतलं होतं. त्याची डिस्क कोरी करायची, आणि गाठोड्यातून हॉस्पिटलचा सर्व्हर त्याच्यावर पुन्हा उभा करायचा. ते मशीन इतकं संथ, की पुरे दोन दिवस लागत. कँटीनमध्ये त्याला 'मैडम का सालाना श्राद्ध' असं नाव पडलं होतं. लेखा विभागातल्या सक्सेनांनी एकदा तोंडावरच विचारलं, "मैडम, जो मरा ही नहीं, उसको हर साल क्यों बुलाती हैं?"

"रास्ता याद रहे उसको," मॅडम म्हणाल्या आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आनंद नगरहून भाजी घेऊन येत होतो तेव्हा. तरुणपणी त्या कारखान्याच्या जुन्या संगणक विभागात होत्या. तिथे कामगारांच्या आश्रितांची, म्हणजे हॉस्पिटलात कुणाला उपचार मिळतील त्यांची यादी टेपवर ठेवत. दर आठवड्याला टेप, प्रत्येकीवर सुंदर अक्षरात चिठ्ठी, कपाटात ओळीने. एक दिवस मशीन बंद पडलं. नवीन आलं. टेप काढल्या, तर नव्या मशीनला एकही वाचता येईना. जुन्या यंत्राचं वाचणारं डोकं सरकलेलं होतं, त्याचं लिहिलेलं फक्त त्यालाच कळे. आणि ते तर भंगारात गेलं होतं.

"सहा जणींनी तीन महिने बसून यादी पुन्हा लिहिली," त्या म्हणाल्या. "माणसं रांगेत. प्रत्येकाला विचारायचं, ही तुमची आई कशावरून? ही बायको कशावरून? एक म्हातारा फौंड्रीतला. बायकोचा हात धरून उभा. पुरावा विचारला तर म्हणाला, बिटिया, सारी उम्र की ब्याही है, और क्या लाऊँ?" पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "तो प्रश्न मी विचारला होता, शुभा. माझ्या तोंडाने."



आता त्या मंगळवारबद्दल.

सकाळचे दहा वाजून गेले होते. बाह्यरुग्ण विभागात तुडुंब गर्दी, करोंदकडून आलेले, टाउनशिपमधले, सगळे. माझ्या खिडकीवरचा पडदा थिजला. मग नोंदणीचा, मग डॉक्टरांच्या खोल्यांतले. असं कधीमधी होई, म्हणून आम्ही थांबलो. पाच मिनिटांनी कॉम्प्युटर रूमचं दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या. त्या थेट नोंदणीच्या खिडकीसमोर, सगळ्यांना दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि चढ्या आवाजात म्हणाल्या,

"सुनिए. सिस्टम बंद है. गलती मेरी है, मेरे हाथ से मिट गया है. वापस लाऊँगी. तब तक सब काम कागज़ पर होगा. जिसकी पर्ची बने, कार्बन रखिए."

आणि वळून आत गेल्या.

झालं होतं ते असं. एक जुनी डिस्क भंगारात जायची होती. त्यावर पेशंटची माहिती, म्हणून ती आधी शून्यं लिहून पूर्ण पुसायची. डिस्क सर्व्हरलाच जोडलेली. दोन्ही डिस्कच्या नावांत एका अक्षराचा फरक. मॅडमनी ते अक्षर चुकवलं. दहाएक सेकंदांत लक्षात येऊन त्यांनी थांबवलं, पण डिस्कच्या सुरुवातीलाच तर सगळा नकाशा असतो; तो गेला होता. ज्या बाईने आम्हाला किल्ल्यासुद्धा पारखायला लावल्या, तिच्याच हातून.

माझी खिडकी सहकाऱ्याकडे देऊन मी आत जायचं कारण म्हणजे कुशवाहा. रामभरोसे कुशवाहा, निवृत्त क्रेन ऑपरेटर, तासाभरापूर्वी तापाने फणफणून, बेशुद्धीत अपघात विभागात आणलेले. अंगभर जंतुसंसर्ग पसरत होता. डॉ. तिवारींना एक विशिष्ट इंजेक्शन द्यायचं होतं आणि ते मी काढूनही ठेवलं होतं. पण त्यांची बायको दाराशी हात जोडून सांगत होती, "एक सुई से इनकी जान जाते-जाते बची थी, डागदर साहब. नाम हमको नहीं मालूम. कंप्यूटर में लिखा है." डॉक्टरांनी दुसरं, सौम्य औषध सुरू केलं आणि मला म्हणाले, "पूछो, कितना टाइम लगेगा."

मी आत गेले तेव्हा अधीक्षक डॉक्टर तिथे उभे होते, लाल झालेले. "आप हाथ मत लगाइए! मैंने कंपनी को फोन कर दिया है. कल इंजीनियर आ रहा है."

मॅडम खुर्चीत बसून डिस्क जोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "कल तक कुशवाहा जी रुकेंगे, सर?"

"और आपसे कुछ और बिगड़ गया तो? कोई गारंटी है?"

"ग्यारह बार ला चुकी हूँ," मॅडम म्हणाल्या. "ग्यारह साल, हर जनवरी. उस इंजीनियर से पूछ लीजिए, वो कितनी बार लाया है."

अधीक्षक खुर्ची ओढून दाराशी बसले.

मॅडमनी सीडीवरून मशीन सुरू केलं, म्हणजे पुसलेल्या डिस्कला न विचारता. डिस्कचे नव्याने भाग पाडले. रविवारचं गाठोडं तपासलं, पूर्ण होतं. मग ते सोडायला सुरुवात झाली. पडद्यावर फायलींची नावं धावू लागली. साडेअकरा वाजले. बारा. मी डॉक्टरांना सांगून आले, एकपर्यंत होईल. कुशवाहांचा ताप उतरत नव्हता.

बारा वाजून वीस मिनिटांनी नावं थांबली. पडद्यावर एकच ओळ: जागा संपली.

मॅडम त्या ओळीकडे बघत राहिल्या. भाग किती मोठे पाडायचे याचे आकडे त्यांनी जानेवारीचे, पाठ असलेले, घातले होते. मधल्या काळात एक्स-रेचे फोटो सर्व्हरवर ठेवायला सुरुवात झाली होती. गाठोडं फुगलं होतं. आता पहिल्यापासून.

 त्यांनी कळफलकाकडे हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. मग खण उघडून शाळेची दोनशेपानी वही काढली आणि माझ्याकडे सरकवली.

"शुभा, तू वाच. एक एक ओळ. मी केल्यावर पुढची."

वहीत एकतीस पायऱ्या होत्या, मराठीत, स्वतःलाच उद्देशून लिहिलेल्या. "वसुधा, कोणती डिस्क आहे ते मोठ्याने वाच." ही पहिली. "भाग पाडण्याआधी गाठोडं मोजून घे," ही चौथी. आणि अगदी वर, पहिल्या पायरीच्याही आधी, चौकटीत: "घाई झाली असेल तर आधी चहा पी."

ते मी वाचलं. मॅडम उठल्या, कोपऱ्यातल्या थर्मासमधून कपभर चहा ओतला आणि खुर्चीत टेकून पिऊ लागल्या.

"मैडम!" अधीक्षक ताडकन उठले. "आप चाय पी रही हैं?"

"जी सर. लिखा है."

तो चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मला ती चार मिनिटं असह्य झाली; बाहेर कुशवाहांची बायको दिसत होती, काचेला कपाळ टेकवून उभी. कप खाली ठेवून मॅडमनी हात कळफलकावर टेकवले.

"पहिली," त्या म्हणाल्या.

मी वाचत गेले. त्या प्रत्येक गोष्ट मोठ्याने उच्चारत, बोट पडद्यावर ठेवत, मग बटण दाबत. गाठोडं मोजलं. मोठे भाग पाडले. पुन्हा नावं धावू लागली. एवढ्यात वीज गेली. एसी थांबला, पंखा थांबला. मशीन बॅटरीवर चालत राहिलं. मॅडमनी वर छताकडे एकदा पाहिलं, बस. शिपाई पुठ्ठ्याने मशीनला वारा घालू लागला, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर दुसऱ्या बाजूने अधीक्षक साहेबही एक फाइल घेऊन वारा घालत होते. वीस मिनिटांनी वीज आली.

पावणेदोनला सगळ्या फायली उतरल्या. पण फायली उतरल्या म्हणजे मशीन उभं राहिलं असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नव्याने पाडलेल्या भागांना नवी ओळख मिळालेली असते, आणि मशीनच्या कागदावर अजून जुनीच ओळख लिहिलेली असते. ते जुनंच शोधत बसतं. "चोविसावी: जुनी ओळख खोडून नवी लिही. नुसती बघून नको लिहू, दोनदा ताडून बघ." मॅडमनी दोनदा ताडली. पंचविसावी ते एकोणतिसावी, मशीन चालू करणारा तो छोटासा कार्यक्रम डिस्कच्या तोंडाशी पुन्हा बसवायचा. तिसावी, सीडी काढ. मग एकतिसावी आली. त्यात लिहिलं होतं: "आता चालू कर आणि हात मांडीवर ठेव."

त्यांनी चालू केलं आणि हात मांडीवर ठेवले. काळा पडदा. पांढऱ्या ओळी. थोडं थांबून आणखी ओळी. आणि मग नाव आणि पासवर्ड विचारणारी ती रोजची साधी चौकट.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मॅडमनी पहिलं नाव टाकलं ते कुशवाहा. "औषधांची ॲलर्जी" या रकान्यात एक नाव होतं. मी ते वाचलं आणि धावत सुटले. ॲलर्जीचं ते इंजेक्शन वेगळंच होतं. डॉ. तिवारींना जे द्यायचं होतं, जे सकाळपासून माझ्या ट्रेमध्ये पडून होतं, त्याची काही अडचण नव्हती. दोन वाजून दहा मिनिटांनी ते दिलं. तिसऱ्या दिवशी कुशवाहांनी डोळे उघडले आणि अकराव्या दिवशी चालत घरी गेले.

पण मॅडमचं काम त्या मंगळवारी संपलं नव्हतं. गाठोडं रविवारचं. सोमवारचा दिवस आणि मंगळवारची सकाळ त्यात नव्हती. आमच्या खिडक्यांवरून दिल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती त्या आठवडाभर ठेवायला लावत, त्याला आम्ही सगळे वैतागायचो. दुपारी आम्ही नऊ जण त्या प्रतींचे गठ्ठे घेऊन बसलो आणि सोमवार पुन्हा लिहून काढला. सक्सेना लेखा विभागातून न बोलावता आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दीजिए, मेरी टाइपिंग अच्छी है."

दोन दिवसांनी अधीक्षकांनी मॅडमना बोलावलं. मी औषधांच्या मागणीवर सही घ्यायला तिथेच उभी होते. चांगला माणूस. त्यांनी अहवालाचा मसुदा स्वतः केला होता. "वोल्टेज ऊपर-नीचे होने से डिस्क खराब हुई," त्यांनी वाचून दाखवलं. "बस, दस्तखत कर दीजिए. बिजली तो उस दिन गई ही थी."

मॅडमनी कागद हातात घेतला, वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"बिजली ने क्या बिगाड़ा है, सर? वो तो ढाई घंटे बाद गई थी."

"मैडम, आपका प्रमोशन सामने है. समझिए."

"समझ रही हूँ. पर कल कोई दूसरा इस कुर्सी पर बैठेगा. वो पढ़ेगा कि वोल्टेज से हुआ, और स्टेबलाइज़र लगवाएगा. अक्षर फिर भी गलत पड़ेगा."

त्यांनी स्वतःचा अहवाल दिला. दीड पान. कोणतं अक्षर, किती वाजता, का चुकलं: घाईत मोठ्याने वाचलं नाही म्हणून. दुसऱ्यांदा का अडलं तेही. शेवटी सूचना होती, की यापुढे डिस्क पुसताना दोन माणसं हवीत, एकाने वाचायचं, एकाने करायचं. सूचना मान्य झाली. मॅडमना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली, आणि त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षीच्याही नाही. त्याच पदावरून त्या निवृत्त झाल्या.

मला राग आला होता. एकदा बोलूनही दाखवला, "वसुधाताई, एक सही केली असती तर?"

त्या शेंगा सोलत होत्या. "तर मग मला ते खरं वाटायला लागलं असतं," म्हणाल्या. "चार-पाच वर्षांत मीच सांगितलं असतं, वोल्टेजमुळे झालं म्हणून. माणसाचं असं होतं."

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. भावाने अमरावतीला बोलावलं, पण आधी सहा महिने त्या आनंद नगरला भाड्याच्या खोलीत राहिल्या. मग गेल्या. पुढे फोन होत, सणासुदीला, दोन-चार मिनिटांचे. प्रत्यक्ष भेट झाली नाही, आणि आता होणार नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बसच्या खिडकीतून. त्या सहा महिन्यांतलीच एक संध्याकाळ, उजेड होता. टाउनशिपचे कितीतरी ब्लॉक तोवर रिकामे झाले होते, दारांना फळ्या ठोकलेल्या, मधला लांबलचक रस्ता मोकळा. त्या रस्त्यावर एक बुटकी बाई सुती साडीचा पदर खोचून, डोक्यात मोठं हेल्मेट घालून, स्कूटर शिकत होती. साठी उलटलेली. शिकवायला कुणी नाही. माझी बस फाटकाशी थांबली होती, म्हणून मला पाहता आलं. स्कूटर डुगडुगत दहा-वीस पावलं गेली आणि खड्ड्यापाशी आडवी झाली. मॅडम पण पडल्या. फाटकावरचा सुरक्षारक्षक धावला. त्यांनी खाली बसल्याबसल्याच हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. उठल्या. कोपर झटकलं. खाली वाकून तो खड्डा नीट पाहिला. मग स्कूटर दोन्ही हातांनी उचलली, ढकलत ढकलत रस्त्याच्या पार सुरुवातीला नेली, तोंड वळवलं आणि पुन्हा बसल्या.

मी खिडकीतून हाक मारली. हेल्मेटमुळे ऐकू गेली नसावी. बस सुटली तेव्हा त्या समोर बघत होत्या, आणि स्कूटर चालू झाली होती.